सुचविणे, आग्रह धरणे, मागणे : इंग्रजी क्रियापदांपुढील वाक्यरचना

(पिंपळगाव राजा येथे केंद्रातील शिक्षकवर्गापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सातवीच्या वर्गातील एका मुलीने आपल्या वहीत पुढील वाक्य लिहिले आहे असे समजावे : 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी ड्रिंक बॉइल्ड वॉटर.' वही तपासणारे गुरुजी मन लावून काम करणारे आहेत. 'शी' हा तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता, तेव्हा क्रियापदास 'एस' लागलाच पाहिजे, हा नियम त्यांनीच मुलांकडून घोटून घेतलेला आहे. ते 'ड्रिंक' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतात व वर 'ड्रिंक्स' असे लिहितात. शेजारच्या वर्गातील बाई त्याहून पुढे जातात. 'सजेस्टेड' हे भूतकाळाचे रूप आहे, तेव्हा पुढचे क्रियापदही भूतकाळातच हवे, असा विचार करून त्या 'ड्रँक' करतात. हेतू दोघांचाही निर्मळ आहे. परंतु मुलीचे मूळ वाक्य बिनचूक होते. पहिल्या दुरुस्तीने ते बिघडले आणि दुसरीने त्याचा अर्थ डळमळीत झाला.

चुकीच्या उत्तरावर रेघ ओढली गेली नाही तर फार बिघडत नाही, पुढच्या वेळी ती ओढता येते. बरोबर उत्तरावर ओढलेली रेघ मात्र मूल जन्मभर विसरत नाही. ते ऐकून-वाचून अंगवळणी पडलेल्या भाषेवरचा विश्वास गमावते व शंकेखोर बनते. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जाऊ लागला. खेड्यातील बहुतेक मुलांना इंग्रजीचा पहिला व पुष्कळदा एकमेव अधिकारी पुरुष म्हणून भेटतो तो त्यांचा प्राथमिक शिक्षकच. त्यामुळे सल्ला, सूचना, शिफारस, आग्रह व मागणी या अर्थांच्या क्रियापदांपुढे इंग्रजीत वाक्य कसे रचतात, हा विषय किरकोळ वाटला तरी शिक्षकाने तो एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

समजून घेण्याची किल्ली इंग्रजी व्याकरणात शोधण्यापूर्वी मराठी व्याकरणात शोधावी. क्रियापदाचे चार अर्थ येथे जमलेल्या प्रत्येक शिक्षकास पाठ आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ. 'ती उकळलेले पाणी पिते' हा स्वार्थ, आणि 'तिने उकळलेले पाणी प्यावे' हा विध्यर्थ. आता डॉक्टरांनी काय सुचविले हे मराठीत सांगावयाचे झाल्यास 'डॉक्टरांनी असे सुचविले की ती उकळलेले पाणी पिते' असे निरक्षर मनुष्यसुद्धा म्हणणार नाही. तो 'प्यावे' असेच म्हणेल. पहिल्या वाक्यात एक घडणारी गोष्ट सांगितली आहे, दुसऱ्यात घडावी अशी गोष्ट. मुलीच्या वहीतील 'ड्रिंक' हे रूप 'पिते'चे नसून 'प्यावे'चे आहे. त्याला 'एस' लागत नाही याचे कारण एवढेच.

आपल्या व्याकरणकारांनी या 'वा-वी-वे' प्रत्ययाच्या रूपास वाख्यात असे नाव दिले आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात आख्यातांचा विस्तृत विचार आढळतो, जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. मराठीने हा प्रत्यय जिवंत ठेवला. इंग्रजीतही पूर्वी अशा रूपास स्वतंत्र प्रत्यय होते, ते शतकानुशतकांच्या वापरात झिजून गेले आणि मागे उरले ते केवळ मूळ क्रियापद : 'गो', 'टेक', 'कम', 'बी'. इंग्रजी व्याकरणकार यास 'सब्जंक्टिव्ह' म्हणतात. प्रत्यय न दिसल्यामुळे पाहणारास वाटते की काही तरी गळले आहे. वस्तुतः काही गळलेले नाही. ते नुसते मूळ रूप हाच तेथे विध्यर्थाचा वेष आहे.

ही तुलना एकदा पटली की दोन अडचणी आपोआप सुटतात. पहिली काळाची. ग्रामस्थ मागणी करतात की रस्ता दुरुस्त व्हावा. ग्रामस्थांनी मागणी केली की रस्ता दुरुस्त व्हावा. ग्रामस्थ मागणी करतील की रस्ता दुरुस्त व्हावा. मुख्य क्रियापद तिन्ही काळांत फिरले, पण 'व्हावा' जागचे हलले नाही. इंग्रजीतही तसेच : 'द व्हिलेजर्स डिमांड दॅट द रोड टु खामगाव बी रिपेअर्ड', आणि 'डिमांडेड' केले तरी पुढे 'बी रिपेअर्ड'च. दुसरी अडचण नकाराची. मराठीत विध्यर्थाचा नकार 'नये' ने होतो. 'त्याने जाऊ नये असे तिने सुचविले.' इंग्रजीत येथे 'डू', 'डज', 'डिड' यांपैकी कोणाचेही साहाय्य न घेता नुसता 'नॉट' क्रियापदापूर्वी बसतो : 'शी सजेस्टेड दॅट ही नॉट गो.' कानाला हे वाक्य लंगडे वाटते खरे. 'नये' चे स्मरण ठेवले म्हणजे ते लंगडे वाटेनासे होते.

ही सूक्ष्मता केवळ व्याकरणाची हौस नव्हे. तिच्यावाचून वाक्य खोटे ठरू शकते, आणि याचे उदाहरण या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमण्यात आला व १९५५ मध्ये त्याने आपला अहवाल सादर केला. नागपूर व वऱ्हाडकडील आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ हे वेगळे राज्य व्हावे, अशी शिफारस त्या अहवालात होती. बुलढाणा हा त्या आठांपैकी एक. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले व १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहेत. म्हणजे शिफारस झाली, पण शिफारस केलेली गोष्ट झाली नाही. आता इतिहासाच्या पाठावर एखादा विद्यार्थी इंग्रजीत लिहितो : 'द कमिशन रेकमेंडेड दॅट विदर्भ बी मेड अ सेपरेट स्टेट.' हे वाक्य पूर्ण सत्य आहे. गुरुजींनी त्यातील 'बी' च्या जागी 'वॉज' लिहिले, तर वाचणारास असा भास होऊ शकतो की विदर्भ वेगळे राज्य झालेच होते. एका छोट्या शब्दाने इतिहास पालटतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही शिक्षकवर्गाच्या परिचयाचे आहे. १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला आणि जिल्हा पातळीवर सबळ अशी लोकनियुक्त संस्था असावी, अशी शिफारस केली. ती शासनाने स्वीकारली, कायदा झाला व १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ही शिफारस इंग्रजीत लिहितानाही 'रेकमेंडेड दॅट... बी' हीच रचना येईल. एक शिफारस कागदावर राहिली, दुसरी फळास आली, पण वाक्य दोन्हीकडे सारखेच. कारण हे रूप गोष्ट घडली की नाही याविषयी मौन पाळते, ती घडावी असे कोणाला तरी वाटले एवढेच सांगते. मराठीतील 'व्हावे' देखील नेमके एवढेच बोलते.

'इन्सिस्ट' या क्रियापदापाशी हा भेद सर्वांत अधिक जपावा लागतो, कारण त्याला दोन अर्थ आहेत. एखादी गोष्ट घडावी म्हणून आग्रह धरणे हा एक, आणि एखादी गोष्ट खरीच आहे असे ठासून सांगणे हा दुसरा. समजा, एका शाळेतील मुलगी आईबापांबरोबर दिवाळीनंतर ऊसतोडीस गेली आहे. गुरुजी घरी जाऊन आजीला भेटले, मुलीला मागे ठेवावे व शाळेत पाठवावे म्हणून त्यांनी पुष्कळ आग्रह धरला. पुढे कोणा बाहेरच्या संस्थेसाठी इंग्रजीत चार ओळींचे टिपण लिहावयाचे आले. तेथे त्यांनी लिहिले : 'वी इन्सिस्टेड दॅट द गर्ल केम टु स्कूल.' मनातला भाव 'मुलीने शाळेत यावे असा आम्ही आग्रह धरला' असा आहे. परंतु दूर बसून ते टिपण वाचणारास त्याचा अर्थ 'मुलगी शाळेत येत होती असे आम्ही ठासून सांगितले' असा लागू शकतो. हजेरीपत्रक उलट सांगते. म्हणजे ज्या गुरुजींनी मुलीसाठी पायपीट केली, त्यांच्यावरच खोटे लिहिल्याचा संशय यावयाचा, आणि मुलगी मात्र कागदोपत्री शाळेतच असल्यामुळे तिला शोधण्यास कोणी जावयाचे नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तेव्हा कोणते मूल शाळेत आहे आणि कोणते असावयास हवे, यांतील अंतर नीट नोंदले जाणे ही फार मोठी गोष्ट आहे. गुरुजींनी 'वी इन्सिस्टेड दॅट द गर्ल कम टु स्कूल' किंवा 'शुड कम' असे लिहिले असते, तर संशयास जागाच उरली नसती.

'सजेस्ट' लाही असाच दुसरा अर्थ आहे. रानात उमटलेल्या पावलांवरून बिबट्या येऊन गेला असावा असे दिसते, तेव्हा इंग्रजीत 'द फूटप्रिंट्स सजेस्ट दॅट अ लेपर्ड केम हिअर' असे म्हणतात. पावले काही बिबट्याला येण्याचा सल्ला देत नाहीत! येथे 'केम' हे साधे भूतकाळी रूपच योग्य होय. म्हणून 'सजेस्ट आले की मूळ रूप' असा सरधोपट नियम मुलांच्या गळी उतरवू नये. आधी मराठीत वाक्य मनाशी म्हणून पाहावे. 'वे' किंवा 'नये' आले तर मूळ रूप, आणि 'आहे', 'होता', 'आला' असे काही आले तर नेहमीचा काळ.

मात्र ही कसोटी सर्वत्र चालविण्याचा मोह आवरला पाहिजे. मराठीतील विध्यर्थ फार मोकळ्या हाताचा आहे, इंग्रजीतील तितका नाही. 'तिने शिकावे असे आईला वाटते' या वाक्यात 'शिकावे' आहे, तरी इंग्रजीत 'हर मदर वॉन्ट्स दॅट शी स्टडी' असे होत नाही. तेथे 'हर मदर वॉन्ट्स हर टु स्टडी' असेच म्हणावे लागते. तेव्हा ही कसोटी सुचविणे, शिफारस करणे, आग्रह धरणे, मागणी करणे, प्रस्ताव मांडणे अशा अर्थांच्या क्रियापदांपुरतीच, आणि 'दॅट' ने जोडलेल्या वाक्यापुरतीच मानावी.

आता दुसऱ्या रचनेकडे वळू या. 'वॉन्ट' प्रमाणेच 'ॲडव्हाइज', 'आस्क', 'टेल', 'ऑर्डर', 'रिक्वेस्ट' व 'अर्ज' या क्रियापदांपुढे प्रथम व्यक्ती येते आणि मग 'टु' सह क्रियापद : 'द टीचर ॲडव्हाइज्ड हिम टु रीड.' मराठीत 'त्याला वाचण्याचा सल्ला दिला' असे म्हणतात. 'त्याला' हा शब्द 'हिम' शी चपखल बसतो, म्हणून ही रचना मुले लवकर उचलतात. आणि येथेच खड्डा आहे. 'त्याला वाचण्यास सुचविले' असेही मराठीत चालते, तेव्हा मूल सहजच 'द टीचर सजेस्टेड हिम टु रीड' असे लिहून मोकळे होते. हे इंग्रजीत चालत नाही. 'सजेस्ट', 'इन्सिस्ट', 'डिमांड' व 'प्रपोज' या चौघांना व्यक्ती आणि 'टु' ही जोडी मुळीच मानवत नाही. 'रेकमेंड' च्या बाबतीत काही इंग्रज लेखक सवलत घेतात, आपण ती न घेतलेली बरी. त्याच चालीवर 'मला एक पुस्तक सुचवा' याचे 'सजेस्ट मी अ बुक' होते, तेही टाळावे व 'सजेस्ट अ बुक टु मी' असे म्हणावे.

अर्थ जवळजवळ एकच असताना 'ॲडव्हाइज' ला एक रचना आणि 'सजेस्ट' ला दुसरी का, असा प्रश्न चुणचुणीत मुले विचारतात. याला तर्काचे उत्तर नाही. शब्दाचा अर्थ कळला म्हणजे त्याची रचना कळली असे होत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांत ए. एस. हॉर्नबी यांचे नाव घेतले पाहिजे. ते जपानात इंग्रजी शिकवीत होते. तेथील विद्यार्थ्यांना शब्द येत, पण शब्दापुढे काय जोडावे ते येत नसे. हॉर्नबींनी इंग्रजी क्रियापदांच्या रचनांचे २५ साचे ठरविले व प्रत्येक क्रियापद कोणकोणत्या साच्यात बसते हे सांगणारा कोश सहकाऱ्यांसह तयार केला. तो १९४२ मध्ये जपानात निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा प्रसिद्ध केला. आज ऑक्सफर्डचा जो विद्यार्थिकोश अनेक शाळांच्या कपाटात असतो, तो याच कोशाचा वंशज होय. कपाटाला कुलूप असेल तर ते काढावे. शंका आली की शब्दाचा अर्थ पाहून कोश मिटू नये, खालची उदाहरणवाक्ये वाचावीत. उत्तर तेथे असते.

रचनेइतकाच घोटाळा शब्दांच्या वजनाचाही होतो. मराठीत 'सूचना' हा एकच शब्द तीन ठिकाणी राबतो. पालक सभेत सूचना करतो ती 'सजेशन', फळ्यावर सूचना लागते ती 'नोटीस', आणि परिपत्रकातून सूचना येते ती बहुधा 'इन्स्ट्रक्शन' असते, म्हणजे पाळावीच लागते. परिपत्रकातील सूचनेचे भाषांतर 'सजेस्टेड' ने केले, तर वाचणारास ती ऐच्छिक वाटेल. 'मागणी' ची गोष्ट याच्या उलट. आपल्याकडे पुस्तकांची मागणी नोंदवितात, रजेची मागणी करतात, मुलीला मागणीही घालतात. या शब्दात नम्रता मावते. इंग्रजी 'डिमांड' मध्ये ती मावत नाही. 'आय डिमांड यू टु सँक्शन माय लीव्ह' असा अर्ज करणाऱ्या शिक्षकाच्या मनात उद्धटपणाचा लवलेश नसतो, पण एकाच ओळीत रचनाही चुकते आणि रीतही. तेथे 'आय रिक्वेस्ट यू टु सँक्शन माय लीव्ह' एवढेच पुरे. 'डिमांड' नाम म्हणून आले तर पुढे 'फॉर' लागतो, जसे खामगावच्या बाजारातील 'डिमांड फॉर कॉटन'. क्रियापद म्हणून आले तर 'फॉर' लागत नाही. 'दे डिमांडेड फॉर अ बेटर प्राइस' हे वाक्य आपल्या देशात इतके रूढ आहे की ते चूक आहे हे सांगितल्यास पुष्कळांना आश्चर्य वाटते. 'सल्ला' या शब्दाविषयीही थोडे. नामाच्या शेवटी 'स' चा उच्चार होतो, क्रियापदाच्या शेवटी 'झ' चा, आणि नाम मोजता येत नाही. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले होतात. इंग्रजीत 'ॲन ॲडव्हाइस' होत नाही.

तिसरी रचना 'आयएनजी' ची. 'ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन', 'शी इन्सिस्टेड ऑन पेइंग.' 'इन्सिस्ट' च्या मागोमाग येणारा 'ऑन' विसरू नये. 'डिमांड' ही रचना घेत नाही, त्याला स्वतः कर्त्यानेच काही करावयाचे असेल तर 'टु' लागतो : 'ही डिमांडेड टु सी द रजिस्टर.' प्राथमिक वर्गांना याहून अधिक खोलात जाण्याचे कारण नाही.

आता 'शुड' चा प्रश्न. इंग्लंडच्या वळणाच्या पुस्तकांत 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट शी शुड ड्रिंक बॉइल्ड वॉटर' अशी रचना अधिक आढळते, अमेरिकेत मूळ रूपाचा प्रघात अधिक आहे. दोन्ही शुद्ध आहेत. इंग्लंडात क्वचित साध्या भूतकाळाचाही वापर करतात, पण त्याने दुहेरी अर्थाचा धोका उभा राहतो हे वर दिसलेच. शिक्षकाने काय करावे? मुलांना लिहिण्यासाठी प्रथम 'शुड' शिकवावा. तो 'वे' सारखा डोळ्यांना दिसतो, 'एस' चा प्रश्न निर्माण होऊ देत नाही व अर्थ निःसंदिग्ध ठेवतो. मूळ रूपाची रचना वाचनात ओळखता आली म्हणजे पुरे. पण एखाद्या मुलाने ती आपणहून लिहिली तर तिच्यावर रेघ ओढू नये, उलट तिच्यापुढे बरोबरची खूण करून वर्गास ते वाक्य वाचून दाखवावे. दोन रचना एकदम नकोत, मुले गोंधळतील, असा आक्षेप काही अनुभवी शिक्षक घेतात. लिहिण्यापुरता तो रास्त आहे.

वर्गात हे शिकविताना 'सब्जंक्टिव्ह' हा शब्द उच्चारण्याची गरज नाही. फळ्याचे दोन भाग करावेत. डावीकडे 'सरपंच म्हणाले की दिवे लागले', उजवीकडे 'सरपंच म्हणाले की दिवे लागावेत'. कोणत्या वाक्यानंतर गावात उजेड आहे, असे मुलांना विचारावे. पाचवीचे मूलही अचूक उत्तर देते. मग त्याच दोन खणांत इंग्रजी वाक्ये लिहावीत. पुढच्या आठवड्यात वर्गाची बालसभा भरवावी व प्रत्येकाने एक ठराव इंग्रजीत मांडावा. 'आय प्रपोज दॅट द वेल बी क्लीन्ड', 'आय प्रपोज दॅट द लायब्ररी शुड ओपन ऑन सॅटरडेज', असे ठराव मुले हौसेने मांडतात. एकाने विरोध केला की नकाराचीही उजळणी होते. तेथे मुले हटकून 'बी नॉट' म्हणतात. शिक्षकाने थांबवून 'नॉट बी' म्हणवून घ्यावे : 'आय सजेस्ट दॅट द ट्री नॉट बी कट.'